प्रश्नावलीत १४ गुण आले, आता काय?

प्रश्न: माझं पहिलं बाळ ११ आठवड्यांचं आहे. गेला महिनाभर मला कारण नसताना रडू येतं, छातीत धडधडतं आणि बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. नव्या आईवडिलांच्या मनःस्वास्थ्यावरच्या संशोधनाबद्दल वाचताना बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणारी एडिंबरा प्रश्नावली सापडली. ती भरली तर ३० पैकी १४ गुण आले. स्वतःला इजा करण्याबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला मी 'कधीच नाही' असं खरं उत्तर दिलं आहे. पण जिना उतरताना मीच बाळाला खाली टाकते आहे असं चित्र अचानक डोळ्यांसमोर येतं आणि मी जागच्या जागी थिजते. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, जागरणाचा थकवा आहे, तीन महिने उलटले की आपोआप जाईल. तो स्वतःही हल्ली गप्प असतो, बारीकसारीक गोष्टींवरून चिडतो. आईच्या नैराश्याचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो असं वाचल्यापासून तर माझा धीरच सुटला आहे. १४ म्हणजे मला आजार आहे का? थांबून पाहू की डॉक्टरांकडे जाऊ? औषध घ्यावं लागलं तर अंगावर पाजणं सोडावं लागेल का?

उत्तर: थांबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. तुमचं बाळंतपण ज्यांनी केलं त्या स्त्रीरोगतज्ज्ञ चालतील, घरचे डॉक्टर चालतील, थेट मानसोपचारतज्ज्ञ तर उत्तमच. वेळ घेऊन झाली की पुढचं वाचा.

तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते आधी वेगळं काढू. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, मन हळवं होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. बाळाच्या रडण्यालाही चढउतार असतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझलटन यांनी १९६२ मध्ये आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. त्यात रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त आणि पुढे हळूहळू कमी होत गेलेलं दिसलं. तेव्हा तीन महिन्यांनंतर बाळ कमी रडेल ही आशा रास्त आहे. तुमची उदासी मात्र बाळाच्या रडण्याचं वेळापत्रक पाळत नाही. ती महिनाभर टिकली आहे, म्हणजे सुरुवातीच्या हळवेपणाची मुदत कधीच संपली.

आता त्या १४ कडे वळू. ही प्रश्नावली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि उत्तरं द्यायची ती फक्त गेल्या सात दिवसांबद्दल. इथेच पहिली चूक होते. गेल्या महिन्यातली सर्वांत वाईट रात्र आठवून लोक उत्तरं देतात आणि गुण फुगतात. दुसरी चूक बेरजेत होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या पर्यायांना वरून खाली ०, १, २, ३ असे गुण असतात, बाकीच्या सातांना उलटे, म्हणजे ३, २, १, ०. हाताने बेरीज केली असेल तर ती पुन्हा तपासा.

बेरीज बरोबर निघाली तर १४ चा अर्थ असा. २०२० साली ५८ अभ्यासांतल्या १५ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. प्रत्येकीने प्रश्नावली भरली होती आणि तिची रीतसर निदान-मुलाखतही झाली होती. १३ किंवा अधिक गुण ही रेघ धरली, तर खरोखर नैराश्य असलेल्या १०० जणींपैकी सुमारे ६६ जणी त्यात सापडल्या आणि नैराश्य नसलेल्या १०० पैकी सुमारे ५ जणीही त्यात आल्या. समजा १,००० नव्या आया आहेत आणि त्यांतल्या १०० जणींना नैराश्य आहे. १३ किंवा अधिक गुण एकूण १११ जणींना येतील, त्यांतल्या ६६ जणींना नैराश्य असेल आणि ४५ जणींना नसेल. म्हणजे तुमच्याइतके गुण आलेल्या दर पाच जणींमागे साधारण तिघींचं निदान पक्कं होतं. उरलेल्या दोघींनाही बऱ्याचदा चिंतेचा त्रास, थायरॉईडचं बिघडलेलं काम किंवा टोकाची झोपमोड यांपैकी काहीतरी निघतं. तुम्ही नक्की कोणत्या गटात आहात हे प्रश्नावली सांगू शकत नाही. ते समोर बसून केलेल्या पाऊण तासाच्या बोलण्यातून कळतं. उलट बाजूही ध्यानात असू द्या: ६६ सापडल्या तशा ३४ निसटल्या. पुढच्या आठवड्यात गुण ९ वर आले म्हणून घेतलेली वेळ रद्द करू नका.

बेरजेपेक्षा कोणत्या प्रश्नांवर गुण गेले ते डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं. तिसरा प्रश्न स्वतःला विनाकारण दोष देण्याचा, चौथा काळजीचा, पाचवा घाबरण्याचा. १४ पैकी सहा-सात गुण या तिघांतच असतील, तर चिंतेचा वाटा मोठा आहे असं समजतात आणि उपचार त्या अंगाने ठरवतात. तुमची धडधड पाहता तसं असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून नुसता आकडा तोंडी सांगू नका, भरलेला कागदच बरोबर न्या.

जिन्यावरचं चित्र तुम्ही लपवून ठेवलं आहे आणि पत्रात सर्वांत जड तेच वाटलं. पहिलटकरणींना थेट असे प्रश्न विचारून कॅनडात २००८ मध्ये अभ्यास झाला. बाळाला अपघाताने काही होईल असे विचार आल्याचं झाडून सगळ्या जणींनी सांगितलं. आपल्याच हातून मुद्दाम काही होईल असे नको असलेले विचार जवळपास निम्म्या जणींना येऊन गेले होते. असे विचार आले म्हणून बाळाला इजा होण्याचा धोका वाढतो, असं पुढच्या संशोधनात आढळलेलं नाही. बाळाची राखण करायला सज्ज झालेलं मन धोक्याची चित्रं रंगवतं, आणि त्या चित्राने तुम्ही थिजता याचाच अर्थ तो विचार तुमच्या इच्छेच्या विरुद्ध आहे.

त्रास वाढतो तो त्यापुढच्या वागण्याने. जिना टाळणं, बाळाला एकटीने न उचलणं, चित्र पुसण्यासाठी मनात काहीतरी पुटपुटत राहणं, रात्री दहादा उठून श्वास तपासणं. प्रत्येक वेळी घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि मन धडा घेतं की धोका खरा होता, टाळला म्हणून वाचलो. चित्रं मग आणखी वारंवार येऊ लागतात. म्हणून बाळाला नीट धरा, दुसऱ्या हाताने कठडा धरा आणि नेहमीच्या चालीने जिना उतरा. चित्र आलं तर येऊ द्या, त्याच्याशी वाद घालू नका, पाऊल थांबवू नका. दिवसाचा बराच वेळ त्यातच जात असेल किंवा तुम्ही बाळाला हाताळणंच टाळू लागला असाल, तर त्यावर वेगळा उपचार आहे आणि तो चांगला लागू पडतो.

डॉक्टरांना हे सांगताना वाक्य पूर्ण बोला: "बाळाला खाली टाकल्याची चित्रं माझ्या मनात येतात, मला ती नको आहेत, मला त्यांची भीती वाटते आणि तसं करायची माझी अजिबात इच्छा नाही." नुसतं "बाळाला टाकायचे विचार येतात" एवढंच सांगितलं, तर ज्यांना या विषयाची फारशी ओळख नाही असे डॉक्टर दचकतात आणि बोलणं भलत्याच दिशेला जातं. वाक्य कागदावर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं तरी काही बिघडत नाही.

हे आणि प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार यांत फरक आहे, तो घरातल्या सगळ्यांनी जाणून घ्यावा. तो विकार हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच उसळतो. दोन-दोन दिवस झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं सुसाट किंवा असंबद्ध, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, बाळ आपलं नव्हे किंवा बाळात काही वाईट शक्ती आहे अशी ठाम समजूत, घटकेत भानावर तर घटकेत भांबावलेली. इथे बाळाला इजा करण्याचा विचार त्या बाईला भयंकर वाटत नाही, तिला तो योग्य वाटू लागतो. असं काही दिसलं, किंवा जगणं नको, आपण नसलो तर बाळाचं बरं होईल असे विचार आले, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहायची नाही. तिला आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा, मग रात्रीचे कितीही वाजले असोत. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

डॉक्टरांकडे जाताना अर्ध्या पानाची टिपणं करून न्या. त्रास कधी सुरू झाला, झोप सलग किती तास लागते, भूक कशी आहे, बाळंतपण कसं झालं, रक्तस्राव जास्त झाला होता का, सध्या कोणती औषधं चालू आहेत, पूर्वी कधी असा काळ आला होता का, जवळच्या नात्यात कुणाला नैराश्य किंवा द्विध्रुवी विकार (मन कधी खोल उदासीत, तर कधी अति उत्साहात जाणं) आहे का. एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्हीच काढा: आयुष्यात कधी असे दिवस गेले होते का, जेव्हा झोप अगदी कमी होऊनही अंगात जबर उत्साह होता, पैसे उधळले, बोलणं आवरत नव्हतं? उत्तर हो असेल तर औषधाची निवड बदलते, कारण द्विध्रुवी विकारात नुसती नैराश्याची गोळी दिल्यास मन दुसऱ्या टोकाला उडू शकतं.

रक्ताच्या तपासण्या मागून घ्या: हिमोग्लोबिन, शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉईडसाठी टीएसएच. बाळंतपणानंतर १०० पैकी सुमारे पाच जणींच्या थायरॉईडला सूज येते. सुरुवातीच्या महिन्यांत ती ग्रंथी जास्त काम करते आणि धडधड, घाम, बेचैनी, झोप न लागणं असा त्रास होतो. काही महिन्यांनी ती मंदावते आणि मग थकवा व उदासी येते. ११ आठवडे आणि धडधड हे ऐकल्यावर ही तपासणी राहून गेली तर मला ती चूकच वाटेल. पण तपासणीत दोष निघाला नाही म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही, असा निष्कर्ष कुणाला काढू देऊ नका.

निदान पक्कं झालं तर सौम्य आणि मध्यम त्रासात आधी बोलण्याचे उपचार सुचवतात. विचार आणि वागणं यांवर काम करणारी एक पद्धत आहे, दुसरी नात्यांतल्या बदलांवर काम करते. दोन्हींचा पुरावा चांगला आहे, बैठका साधारण आठ ते सोळा लागतात. हे काम बड्या तज्ज्ञांनीच करावं लागतं असंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून, गरोदरपणात नैराश्य असलेल्या ९०३ स्त्रियांवर हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांना हे उपचार मिळाले त्यांच्यात नैराश्य २३ टक्के जणींना उरलं होतं, बाकीच्यांमध्ये ५३ टक्के.

त्रास जास्त असेल किंवा बैठका लगेच मिळत नसतील तर गोळी देतात, आणि त्यासाठी अंगावर पाजणं बहुतेक वेळा सोडावं लागत नाही. आईच्या मात्रेच्या मानाने बाळाच्या पोटात दुधातून किती औषध जातं हे वजनाच्या हिशेबाने काढतात. ते १० टक्क्यांच्या खाली असेल तर सर्वसाधारणपणे चालतं असं धरतात. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचं प्रमाण त्याहून खूपच कमी असतं, म्हणून पाजणाऱ्या आईसाठी बऱ्याचदा त्याचा विचार आधी होतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते आणि गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पुष्कळ जणी नेमक्या या मधल्या काळात "काही उपयोग नाही" म्हणून गोळी सोडतात. बरं वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवायची असते आणि थांबवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवत.

झोपेबद्दल मात्र डॉक्टरांची वाट न पाहता आज रात्रीपासून सुरुवात करा. तुकड्यातुकड्यांनी मिळालेले सात तास आणि सलग मिळालेले पाच तास यांत मनाला पाच तास जास्त मोलाचे. रात्रीच्या दोन पाळ्या करा. समजा नऊ वाजता तुम्ही बाळाला पाजलंत. तिथून दोन वाजेपर्यंत बाळ नवऱ्याचं, दोनपासून सातपर्यंत तुमचं. मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर किंवा बाळांसाठीच्या फॉर्म्युला दुधावर निभवता आलं तर उत्तम. नसेल जमत, तर नवऱ्याने बाळ तुमच्याजवळ आणायचं, तुम्ही आडव्या राहूनच पाजायचं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा झोपवणं त्याने करायचं. एवढ्यानेही प्रत्येक वेळचा पाऊण तास वाचतो. आडवं राहून पाजताना डोळा लागू शकतो, म्हणून दूध पिऊन होईस्तोवर त्याने तिथेच जागं थांबायचं.

ही व्यवस्था कुठे फसते ते सांगते. आई त्याच खोलीत पडून राहते आणि बाळाच्या प्रत्येक कुरकुरीला जागी होते, म्हणून तुमच्या पाळीबाहेर दुसऱ्या खोलीत, दार लावून, कानात बोळे घालून झोपा. नवरा तासाभराने विचारायला येतो की लंगोट कुठे, म्हणून रात्रीचं सगळं सामान झोपण्याआधी एका जागी काढून ठेवा. छाती भरून दुखायला लागते, म्हणून झोपण्याआधी पाजा किंवा दूध काढा, आणि पहिले काही दिवस मधे थोडं काढावं लागलं तरी हरकत नाही. बाळ रडलं की तुम्ही धावत जाऊन त्याच्या हातून घेता. पहिल्या तीन-चार रात्री त्याला बाळ शांत करायला जास्त वेळ लागणारच, तो लागू द्या. बाळाची पाळी ज्याच्याकडे आहे त्याने त्याला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नये. तिथे डोळा लागला तर बाळ गुदमरण्याचा धोका मोठा आहे. बाळाची जागा घट्ट, सपाट गादीवर, पाठीवर, जवळ उशी-पांघरुणं नाहीत अशी. रडणं ऐकून कुणाचाही तोल जायची वेळ आली, तर बाळाला तिथे सुरक्षित ठेवायचं, पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं आणि परत यायचं. बाळाला हिसडे द्यायचे नाहीत.

चार-पाच रात्री अशी सोय झाली, घर शांत आहे, बाळ दुसऱ्याकडे आहे, तरीही तुम्ही टक्क जाग्या राहिलात, तर ती बाब तारखेसह लिहून ठेवा. झोपायची सवड असून झोप न लागणं ही जागरणाची गोष्ट नाही, आजाराची खूण आहे, आणि नवऱ्याच्या थकव्याच्या म्हणण्यालाही ते उत्तर आहे.

बाळाच्या मेंदूबद्दल तुम्ही जे वाचलं ते खोटं नाही, पण ते तुमच्याबद्दल नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासातून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले त्यांत मुलांवरचा ठळक परिणाम दिसला तो अशा घरांत, जिथे आईचं नैराश्य तीव्र होतं आणि बाळ दोन महिन्यांचं व आठ महिन्यांचं असताना, दोन्ही वेळा ते टिकून होतं. तुमचं बाळ जेमतेम अडीच महिन्यांचं आहे. शिवाय 'चांगली आई सतत बाळाच्या सुरात असते' ही कल्पनाच चुकीची आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांची समोरासमोरची देवघेव चित्रित करून क्षणाक्षणाला तपासली. अगदी सुदृढ जोड्याही सुमारे ३० टक्के वेळच एकमेकांशी जुळलेल्या दिसल्या. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणं असंच चालू होतं. तेव्हा दिवसभर हसरा चेहरा ठेवायची धडपड सोडा. दिवसातून दोन-तीनदा, लंगोट बदलताना वगैरे, पाच मिनिटं बाळाच्या चेहऱ्यासमोर या, त्याने काढलेला आवाज परत काढा, त्याने मान फिरवली की थांबा. बाकी वेळ बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असलं तरी त्याचं काही अडत नाही.

आता तुमच्या नवऱ्याविषयी, कारण पत्रातल्या त्या दोन वाक्यांची मला काळजी वाटते. २०१० मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांनुसार, गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळ वर्षाचं होईपर्यंत सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळलं. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना प्रमाण सर्वांत जास्त, सुमारे २५ टक्के होतं. हा आकडा मोजक्या अभ्यासांवरचा आहे, पण काळ नेमका तुमच्यासमोर येऊन ठेपलेला आहे. आईला त्रास असेल तर वडिलांनाही असण्याची शक्यता वाढते. पुरुषांत ते रडण्यातून कमी दिसतं. चिडचिड, अबोला, कामात किंवा फोनमध्ये बुडून जाणं, दारू वाढणं असं दिसतं. "तुलाही नैराश्य आहे" असं त्याला म्हणू नका, भांडण होईल. एडिंबरा प्रश्नावलीचा दुसरा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि दोघांनी वेगवेगळं बसून भरा. पुरुषांसाठी रेघ बायकांपेक्षा खाली धरतात, म्हणून त्याचे आठ-नऊ आले तरी ते हसण्यावारी नेऊ नका. त्याने तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे यावं आणि स्वतःबद्दलही तिथेच बोलावं.

त्याची रजा शिल्लक असेल तर एकदम संपवू नका. स्वीडनमध्ये २०१२ पासून बाळाच्या पहिल्या वर्षात आईच्या रजेच्या दिवसांतच वडिलांनाही ३० दिवसांपर्यंत, हवे तेव्हा सुटे करून, रजा घेता येऊ लागली. त्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत चिंतेवरची औषधं लिहून द्यावी लागणाऱ्या आयांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं, आणि बहुतेक वडिलांनी घेतले होते ते मोजकेच दिवस. तुमच्याकडे एखादी रात्र पार कोलमडली तर दुसऱ्या दिवशीची एक रजा, डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशी एक, गोळी सुरू झाली तर त्या पहिल्या आठवड्यात एक-दोन, अशी विभागून ठेवा. दोन आठवड्यांनी दोघांनीही प्रश्नावली पुन्हा भरा आणि आधीचे-नंतरचे चारही कागद पुढच्या भेटीला घेऊन जा.